मांडीवर दिलेली

बाबा गेले तेव्हा मला रडू यायच्या आधी भीती वाटली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लपवून तरी काय करू. अकोटच्या घरात माणसं जमली होती, ओसरीवर बायका बसल्या होत्या आणि त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "पोरीनंच सारं केलं वं बापाचं." ती चांगलंच बोलत होती. मी मात्र दचकून तिच्याकडे बघितलं. "पोरगी" म्हणताना तिचा आवाज जरा अडखळला का, हे मी कान देऊन ऐकत होते. बाप समोर निजवलेला आणि मी लोकांचे आवाज तपासत बसलेली.

कारण सांगून टाकते. मी बाबांच्या पोटची नाही. माझा जन्म काकूच्या पोटी झाला. बाबा थोरले, काका धाकटे. थोरल्याला मूलबाळ नव्हतं. धाकट्याला आधी मुलगा झाला आणि त्याच्या पाठीवर मी. माझ्या बारशाच्याच दिवशी काकूनं मला आईच्या मांडीवर दिलं. आमच्याकडे याला मांडीवर देणं असंच म्हणतात. चार जवळची माणसं बसवायची, देणारीनं उठून लेकरू घेणारीच्या मांडीवर ठेवायचं, घेणारीनं त्याच्या जिभेला गुळाचं बोट लावायचं, मग सगळ्यांना गूळ वाटायचा, झालं. दत्तकपत्र नाही, स्टँप नाही, सही नाही. सख्ख्या भावाशी काय लेखी करायचं? लेखी मागणं म्हणजे उद्या तू उलटशील असं त्याच्या तोंडावर म्हणणं. आमच्या घरात जमिनीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन्ही भाऊ तावातावानं भांडत, पण लेकराच्या बाबतीत कागद मागायचा म्हणजे फारच झालं, असं दोघांनाही वाटलं असणार.

बाबा जिनात फिटर होते. कपाशीतून सरकी काढणारी ती यंत्रं दिवसभर धडधडायची, त्यात त्यांचे कान लवकर गेले. ते ओरडूनच बोलत. भाजीला मीठ कमी पडलं, माझे गणितात मार्क घसरले, आईनं माहेरी जायचं काढलं, सगळं गल्लीला ऐकू जाई. एवढी एकच गोष्ट आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. हळू आवाजातही बोललं नाही. मला ती शेजारच्या एका म्हातारीकडून कळली, शाळेत असताना. "तुई खरी माय तं अकोल्याले हाये," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा निवडायला लागली. मी घरी आले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्या पाठीला टेकून बसले. "सरक, चटका बसन," ती म्हणाली. मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं, असं समजून मी पुढे शाळा केली, कॉलेज केलं, लग्न करून अमरावतीला आले, कोचिंग क्लासमध्ये पोरांना रसायनशास्त्र शिकवायला लागले. बाबांना कधीच विचारलं नाही. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला असला प्रश्न ओरडून कसा विचारायचा, हा आणखी एक भाग.

आई आधी गेली. त्यानंतर आमचे हे एकदा बाबांना म्हणाले, की मृत्युपत्र करून ठेवलेलं बरं. मी स्वयंपाकघरात होते. बाबांचा आवाज असा चढला की कुकरची शिटी ऐकू आली नाही. "ज्याचे पोरं भांडतेत त्यानं कराव मृत्युपत्र! मले एकच पोरगी हाये. ते माई पोरगी हाये हे का मी आता लिवून देऊ? कोनाले दाखवाले?" यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला तेव्हा इतकं बरं वाटलं, की मी कुकर तसाच ठेवून मोरीत जाऊन डोळे पुसले. आज वाटतं, तेव्हाच बाहेर येऊन म्हणायला हवं होतं, बाबा, लिहून ठेवा. पण बरं वाटत असताना असलं काही सुचत नाही.

तेरावं झाल्यावर मी तलाठ्याकडे गेले. शेत थोडंच, पण बाबांच्या नावावरचं, आणि त्यावर वारसाचं नाव चढवायचं होतं. तलाठ्यानं अर्ज दिला. मयताचं नाव, वारसाचं नाव, वय, मयताशी नातं. मी "मुलगी" लिहिलं. लिहिताना मला वाटलं आपण काहीतरी उचलून पर्समध्ये टाकतोय आणि मागून कोणीतरी बघतंय. शाळेच्या दाखल्यावर बाबांचं नाव होतं, आधारवर होतं, लग्नपत्रिकेत होतं. तलाठ्याला काही वावगं दिसलं नाही. "नोटीस लागेल, कोणाची हरकत नसली की फेरफार मंजूर," तो म्हणाला. हरकत हा शब्द मी घरी घेऊन आले.

बँकेतल्या ठेवीचं वेगळंच होतं. तिथे बाबांनी नॉमिनी म्हणून आईचं नाव घातलेलं, आई गेल्यावर बदललंच नव्हतं. बँक म्हणाली, कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र आणा. मुंबईला दिलेली माझी एक मैत्रीण फोनवर प्रोबेट, प्रोबेट करत राहिली, तेही घेऊन मी अकोल्याच्या वकिलांकडे गेले. "मृत्युपत्रच नाही तं प्रोबेट कायचं? कोर्ट मंजूर काय करणार?" ते हसून म्हणाले. भला माणूस. त्यांनी चहा मागवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "जन्मनोंद कोणाच्या नावानं आहे तुमची?"

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"दत्तकपत्र?"

"नाही."

"मांडीवर देताना हजर असलेलं कोणी?"

मी मनातल्या मनात एकेकाला मोजायला गेले आणि प्रत्येक जण गेलेला निघाला. आजी, आई, बाबा, काका, शेजारची ती म्हातारीसुद्धा. "काकू आहे," मी म्हणाले. "एकटी तीच."

"कुठं असतात त्या?"

"इथंच. अकोल्यात, मुलाकडं."

वकिलांनी वही जवळ ओढली. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, की कायद्याला कागदच लागतो असं नाही, हातानं दिलं आणि हातानं घेतलं एवढं सिद्ध झालं की पुरे. पण सिद्ध करायला पाहिलेलं माणूस लागतं. "आणि हे पाहा, घाबरू नका. मुलगी म्हणून नाही लागलं नाव, तरी सगळं हातचं जात नाही. त्यांना दुसरं कोणी नाही. मग भावाची मुलं वारस होतात. म्हणजे तुम्ही आणि तुमचा भाऊ. अर्धं तुमचंच आहे."

"पुतणी म्हणून?" मी विचारलं.

"पुतणी म्हणून," ते म्हणाले. त्यांना वाटलं मला धीर दिला.

मी त्यांच्या ऑफिसातून खाली उतरले तेव्हा माझे पाय गार पडले होते. मार्च महिना, अकोल्याचं ऊन, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं आणि माझे पाय गार. शेत गेलं असतं तर मी चिडले असते, रडले असते, चार शिव्या घातल्या असत्या आणि उन्हाळ्याच्या शेवटी विसरले असते. मला शेत कसायचं नव्हतं. पण सरकारी शिक्का मारून कोणीतरी मला सांगणार होतं, की ज्यांच्या घरात वाढलीस, ज्यांना खांदा द्यायला पुढे झालीस, ते तुझे मोठे काका होते. एवढंच माझं चाललं होतं. बाबा माझे बाबा राहतात की नाही.

दादा अमरावतीला आला तो याच सुमाराला. दादा म्हणजे काकूचा मुलगा. लहानपणी दिवाळीत आम्ही एकत्र असायचो, राखी मी त्यालाच बांधायची, चुलत भाऊ म्हणून. तो अकोल्यात कृषी केंद्र चालवतो, बियाणं, खतं, फवारणीची औषधं. माणूस वाईट नाही. येताना माझ्या मुलीसाठी बर्फी घेऊन आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "मी हरकत टाकून राहिलो."

मी पाण्याचा तांब्या उचलून आत ठेवून आले.

"भांडाले नाही आलो," तो म्हणाला. "आपण दोघं मिळून लावू. पुतन्या अन् पुतनी. कोर्ट नाही, वकील नाही. तुले अर्ध, मले अर्ध. कागद हेच सांगून राहिला."

"मी पुतनी नोय."

"मंग कोन होय? तू माई सख्खी बहीन होय." त्याचा आवाज एकदम बदलला. "मी लहान होतो. बारश्याचं जेवन झालं, मी बाहेरून खेयून आलो, अन् पायना रिकामा. मी मायले इचारलं लहानी बाई कुठं गेली, तं माय म्हने कोनती बाई? इतक्या वर्साचं हे नाटक आता बास झालं. कागदावर तरी तू माई बहीन होऊ दे."

मी घाबरले होते आणि घाबरले की माझी जीभ सुटते. "इतके वर्स काहून नाही आठवली रे तुले बहीन? शेताचं नाव निंघाल्यावरच आठवली?" मी म्हणाले. त्यात किती खोटं होतं, मला ठाऊक नाही. त्याच्या बोलण्यात शेत किती आणि रिकामा पाळणा किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "मायले इचारतीन तिथं. तिच्याबगर दुसरं कोनी उरलं नाही सांगाले." बर्फीचा डबा तसाच टेबलावर राहिला आणि माझ्या मुलीलाही तो उघडू दिला नाही मी. नंतर तिनं चोरून खाल्ली, ते सोडा.

त्यानंतरचे दिवस मी नुसते भीतीत काढले. वर्गात फळ्याकडे तोंड असलं की बरं वाटायचं. मोबाइल वाजला आणि नंबर अनोळखी असला तर मी तो वाजून संपेपर्यंत हात लावायची नाही. दर रविवारी दर्यापूर-अंजनगाववरून जाणाऱ्या एसटीनं मी अकोटला जायची, का, तर घराचं कुलूप बदललेलं नाही ना हे बघायला. कुलूप तेच असायचं. मी ते ओढून बघायची, उघडायची, आत जाऊन पंखा लावायची, आणि बाबांच्या खाटेवर न बसता खुर्चीच्या काठावर बसायची, पाहुण्यासारखी. एकदा शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, "कोन हाये वं घरात?" इतकी वर्षं या प्रश्नाला मी "मीच होय" म्हणत आले. त्या दिवशी तोंडातून शब्दच निघेना. ती काठी घेऊन दारात आली, मला बघून हसली, "मले वाटलं चोर." मीही हसले.

वकील म्हणाले, काकूंना एकदा भेटून या. त्यांनी काय सांगायचं ते शिकवू नका, पण भेटा.

काकूबद्दल काय सांगू? ती मला कधी आवडली नाही आणि मी तिला आवडत नाही अशी माझी पक्की समजूत होती. आईला मी "तू" म्हणायची, काकूला "तुम्ही". दिवाळीत सगळ्या पोरांना उटणं लावायला बायका बसायच्या, तेव्हा काकू दादाला लावायची, शेजारच्यांच्या पोरांना लावायची, माझी पाळी आली की उठून पाणी आणायला जायची. माझी वेणी तिनं घातली नाही. मला ताप भरला तेव्हा ती दारात उभी राहून आईला विचारायची, "उतरला का?" आत यायची नाही. लग्नात सगळ्या काकवा-माम्यांनी माझी ओटी भरली, ही मांडवाच्या खांबापाशी पाण्याचा जग धरून उभी. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, देऊन टाकलेलं नको असलेलं लेकरू, आता तरी बरं वाटत असेल हिला.

दुपारी गेले. दादा दुकानात होता, वहिनी झोपली होती. काकू मागच्या अंगणात सावलीत बसून तुरीची डाळ पाखडत होती. "ये," म्हणाली आणि सूप थांबवलं नाही. मी समोर बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं, ऊन किती, पाणी नळाला येतं का. शेवटी विचारलंच.

"काकू, तिथं इचारतीन, तं तुमी काय सांगसान?"

तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "जे इचारतीन ते सांगीन. मी खोटं नाही बोलत."

बस. एवढंच. निघताना मी वाकून नमस्कार केला, तर तिनं पाय मागे ओढून घेतले आणि म्हणाली, "राहू दे, राहू दे." परत येताना बसच्या खिडकीशी बसून मी त्या एका वाक्याची चिरफाड करत होते. खोटं बोलत नाही. म्हणजे खरं सांगणार. खरं काय तर तिनं मला जन्म दिला. ती मुलाच्या घरात राहते, त्याचं अन्न खाते, आणि त्याला फक्त खरं एवढंच हवंय. "ही माझी मुलगी" इतकं ती म्हणाली की माझे बाबा संपले. आणि आणखी एक भीती होती, ती मला स्वतःशीही कबूल करवत नव्हती. तिनं तसं म्हटलं आणि मला ते ऐकून बरं वाटलं तर?

सुनावणी अकोटला होती, मंडळ अधिकाऱ्यांकडे. हरकत आली की फेरफाराचा निर्णय तिथे होतो. हे आणि मी वेळेच्या फार आधी पोचलो. दादा काकूला ऑटोतून घेऊन आला, हात धरून उतरवलं, बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली. ती त्याची साक्षीदार होती. त्यानंच तिला आणलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. नवीन लुगडं नेसली होती, घडीचे मोड अजून दिसत होते. यांनी हळूच विचारलं, "बाहेर जाऊन येतेस का?" मी नको म्हणून मान हलवली, कारण उठले तर परत आत येणार नाही, असं वाटत होतं.

अधिकारी माझ्याहून बऱ्याच लहान बाई होत्या. त्यांनी माझा शाळेचा दाखला पाहिला, मग दादानं पुढे केलेला जन्माचा दाखला पाहिला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. दोन कागदांवर दोन बाप, आणि मधे त्यांचा पेन. मी त्या पेनाकडे बघत होते.

"आजी, समोर या," त्या म्हणाल्या. "हे नाव तुमचंच ना? आई म्हणून लिहिलेलं?"

"व्हय."

"मग ही तुमची मुलगी."

काकूनं डोक्यावरचा पदर नीट केला. "नोय," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "माय!"

"तू गप. तुले नाही इचारलं." तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "माई पोरगी नोय ते. भासऱ्याची होय."

अधिकारी बाईंनी यांच्याकडे पाहिलं, तेव्हा हे म्हणाले, "भासरे म्हणजे मोठे दीर. माझे सासरे." बाईंनी मान डोलावली आणि पुन्हा दाखल्यावर बोट ठेवलं. "आजी, नीट आठवून सांगा. इथं जन्म तुमच्या पोटी लिहिलाय."

"जनम म्याच देल्ला. बायापूरले, माह्या माहेरी. ते खोटं नाही. पन बारश्याच्या दिवशी मी तिले माह्या जावेच्या मांडीवर ठेवलं. ह्याच हातानं. सासू होती, माह्ये मालक होते, भासरे होते. जावेनं तिच्या जिभेले गूय लावला. साऱ्याईले गूय वाटला. मंग ते माई कशी राह्यली?"

"त्यानंतर कधी परत नेली? आजारपणात, सुट्टीत? तुम्ही सांभाळली?"

"हात नाही लावला."

"म्हणजे?"

काकूचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "बाई, माह्या अंगावर दूध होतं. पदर वला व्हये. पोरगी रडे, तं जाऊ म्हने, तूच पाज, गाईच्या दुधानं पोट दुखते तिचं. म्या नाही पाजलं. एकदा पाजलं असतं तं नेली असती मी परत. तवापासून आजलोक हात नाही लावला तिले. न्हाऊ नाही घातलं, येनी नाही घातली, लग्नात ओटी नाही भरली. लोकं म्हनले असते, मायेनं पाहून राहिली, तिचीच होय न ते. तसं कोनी म्हनू नाही म्हून." मग तिनं एकदम आवाज चढवला, बाबांसारखा. "देल्ली म्हंजे देल्ली. लिवून घ्या. ते माह्या भासऱ्याची पोरगी होय."

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. "मुलगी नाही" असं वाचताना त्या अडखळल्या. काकू अडखळली नाही. तिनं एकेक अक्षर काढत सही केली. दादा भिंतीकडे बघत होता. मला वाटलं होतं तो चिडेल, कागद ओढेल. त्याचं नाक लाल झालं होतं, पाळणा रिकामा बघितलेल्या पोरासारखं. तो म्हणाला, "ऑटो आनतो," आणि बाहेर गेला.

हरकत पुढे निकाली निघाली, सातबाऱ्यावर माझं नाव चढलं आणि त्याच जबाबाच्या जोरावर कोर्टातलंही सुरळीत झालं. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला जे पाहिजे होतं तेच तिनं दिलं होतं, शब्दाला शब्द. पण माझी भीती काही जाईना. एका बाईनं भर कचेरीत मला नाकारलं होतं, मी तिला तसं करायला लावलं होतं, आणि मला लहानपणापासून जे नावडतेपण वाटत होतं त्यातलं एकेक आठवत होतं. उटणं. ताप. पाण्याचा जग.

बाहेर लिंबाखाली ती ऑटोची वाट बघत उभी होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. माझे हात आपोआप पुढे झाले. आईला आई म्हणत आले मी, त्यामुळे माय हा शब्द माझ्या तोंडात कधी आलाच नव्हता. तो आता आला होता, ओठांपर्यंत. तिला तो दिसला असावा. ती चटकन एक पाऊल मागे सरली आणि कचेरीच्या दाराकडे बघितलं, कोणी बघतंय का म्हणून. मला तोवर कधी सुचलंही नव्हतं, की ही बाई घाबरत असेल.

"नको," ती म्हणाली. "हात नको लावू. आत काय सांगून आली मी?"

"काकू..."

"हां. तेच. तेच म्हनत जाय." तिनं डोळे मिटून घेतले आणि उघडले. "मले लय भेव वाटे वं. हे एवढी होती तू तवापासून. दर दिवाईले वाटे, आज कोनी सांगन हिले, आज हे मले माय म्हनन. म्हनलं असतं तं मी काय केलं असतं? आता म्हातारपनी नको म्हनू."

ऑटो आला. दादानं तिला आत बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून आवरून दिला. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "अमरावतीले पोचली का फोन करजो." मी हो म्हटलं. ऑटो सुरू झाला तेव्हा मी खिशात हात घालावेत तसे दोन्ही हात ओढणीत गुंडाळून धरले होते, नाहीतर ते पुढे गेले असते.

"नाही म्हणत, काकू," मी म्हणाले.

तिला ते ऐकू गेलं.